डेनिसोवा गुहा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही गुहा नेमकी कुठे आहे?

रशियात, दक्षिण सायबेरियातल्या अल्ताई पर्वतरांगेत. अनुई नावाची छोटी नदी चुनखडीच्या डोंगरातून वाहते. तिच्या उजव्या काठावर, पाण्यापासून सुमारे ३० मीटर उंचीवर गुहेचं तोंड आहे. समुद्रसपाटीपासून हे ठिकाण साधारण ७०० मीटर उंच भरतं. कझाकस्तान, चीन आणि मंगोलिया या तिन्ही देशांच्या सीमा इथून फार लांब नाहीत.

गुहा अवाढव्य वगैरे मुळीच नाही. आतली जमीन सगळी मिळून सुमारे २७० चौरस मीटर. मधलं मुख्य दालन, आणि त्याला लागून पूर्वेचं व दक्षिणेचं अशी दोन लहान दालनं. मुख्य दालनाच्या छताला वर एक भोक आहे, त्यातून उजेड येतो. थंडी-वाऱ्यापासून आडोसा, खाली पाणी, समोर शिकारीचं खोरं. माणसाला आणि श्वापदाला दोघांनाही आवडेल अशी ही जागा.

हे नाव कुठून आलं?

अठराव्या शतकात डेनिस नावाचा एक संन्यासी इथे राहत असे, त्याच्यावरून. स्थानिक अल्ताई लोक मात्र तिला ‘अयू-ताश’, म्हणजे अस्वलाचा खडक, म्हणतात.

जगात इतक्या गुहा असताना हिलाच एवढं महत्त्व का?

कारण मानवाची एक अख्खी शाखा, डेनिसोवन मानव, आपल्याला या गुहेमुळे कळली. त्याआधी तिच्या अस्तित्वाची कुणाला शंकाही नव्हती. आजवर बहुतेक प्राचीन मानव आधी कवटीवरून किंवा सांगाड्यावरून ओळखले गेले आणि त्यांचा डीएनए, मिळालाच तर, पुष्कळ नंतर तपासला गेला. डेनिसोवन मानवाच्या बाबतीत हे उलट झालं. आधी डीएनए हाती आला, चेहरा कळायला त्यानंतर पंधरा वर्षं जावी लागली.

दुसरं कारण असं की डेनिसोवन, नियांडर्थल (आता नामशेष झालेली मानवाची दुसरी एक शाखा) आणि आपण, म्हणजे आधुनिक मानव, या तिघांच्याही खुणा एकाच छताखाली सापडलेली आजवरची ही एकमेव जागा आहे.

उत्खनन कधीपासून चालू आहे?

१९७७ मध्ये निकोलाय ओवोदोव या पुराजीवशास्त्रज्ञाने इथे चाचणीचे खड्डे घेतले. १९८० च्या दशकात नोवोसिबिर्स्कच्या पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र संस्थेने पद्धतशीर काम हाती घेतलं. अनातोली देरेव्यान्को आणि मिखाईल शुन्कोव ही त्या कामातली प्रमुख नावं.

या मंडळींच्या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. खणून काढलेली माती थर आणि चौकोन यांच्या नोंदीसकट नदीकाठी नेली जाते आणि चाळणीवर पाण्याने धुतली जाते. चाळणीत उरलेला प्रत्येक कपचा वाळवून, नंबर घालून पिशवीत जातो. उंदराचा दात असो की नखाएवढी हाडाची चिपळी, काहीही टाकून देत नाहीत. गुहेतली सुमारे ९५ टक्के हाडं इतकी चुरडलेली आहेत की ती कुठल्या प्राण्याची हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. तरसांनी आणि लांडग्यांनी ती चघळली आहेत, काही तर तरसाच्या पोटातून जाऊन बाहेर पडली आहेत. असा भुगा वर्षानुवर्षं जपून ठेवला, म्हणूनच पुढचे सगळे शोध लागले.

२००८ मध्ये काय सापडलं?

पूर्वेच्या दालनात, अकराव्या थरात, हाताच्या करंगळीच्या टोकाच्या हाडाचा तुकडा. आकाराने हरभऱ्याच्या दाण्याएवढा. पाहणाऱ्याला त्यात विशेष काही वाटू नये असाच.

त्याचे दोन भाग करण्यात आले. एक जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत प्राचीन डीएनएचे अभ्यासक स्वांते पेबो यांच्याकडे गेला. तिथे योहानेस क्राउझे यांनी केवळ ३० मिलिग्रॅम भुकटीतून डीएनए वेगळा केला. हाड नियांडर्थलचं निघेल किंवा आधुनिक मानवाचं, अशीच सगळ्यांची अपेक्षा होती. ते दोघांपैकी कुणाचंच निघालं नाही. मार्च २०१० मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला आणि पेबो यांना २०२२ साली मिळालेल्या नोबेलमागे या कामाचाही मोठा वाटा आहे.

हाड एका मुलीचं होतं. सुरुवातीला तिचं वय सहा-सात वर्षं धरलं गेलं. २०१९ मध्ये दुसऱ्या तुकड्याची मापं आणि छायाचित्रं प्रसिद्ध झाली, तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची असावी असं ठरलं.

एका बोटाच्या हाडावरून वेगळी मानवशाखा कशी काय ठरवता येते?

हा प्रश्न रास्त आहे. इथे दोन टप्पे झाले आणि ते वेगळे ठेवायला हवेत.

पहिल्या टप्प्यात फक्त मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म भागातला, डीएनए वाचला गेला. हा आईकडूनच येतो आणि लांबीला अगदी थोडा, साधारण साडेसोळा हजार अक्षरांचा असतो. आजच्या माणसाच्या आणि नियांडर्थलच्या या डीएनएत सरासरी २०२ ठिकाणी फरक दिसतो. करंगळीच्या हाडात आणि आजच्या माणसात तो ३८५ ठिकाणी दिसला. यावरून ही शाखा आपल्यापासून दहा लाख वर्षांपूर्वी फुटली असावी असा अंदाज बांधला गेला.

दुसऱ्या टप्प्यात, डिसेंबर २०१० मध्ये, पेशीकेंद्रातला डीएनए आला आणि चित्र बदललं. हा डीएनए सुमारे तीन अब्ज अक्षरांचा असतो आणि त्यात आई-वडील दोघांकडच्या असंख्य पूर्वजांचा वाटा असतो. त्याने दाखवलं की डेनिसोवन आणि नियांडर्थल एकमेकांचे जवळचे भाऊबंद आहेत आणि आपण त्या दोघांचे लांबचे. त्यांचे पूर्वज आपल्या पूर्वजांपासून साडेपाच लाख वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी वेगळे झाले. पुढे कधीतरी त्या दोघांच्याही वाटा फुटल्या. आईकडच्या एका धाग्यावरून पूर्ण वंशावळ मांडली तर काय होतं, याचा हा फार चांगला धडा आहे.

२०१२ मध्ये याच हाडातून संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, इतक्या नेमकेपणाने वाचला गेला की प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा तपासली गेली. तेव्हा नियांडर्थलचाही इतका स्वच्छ जीनोम उपलब्ध नव्हता.

डीएनए इतकी वर्षं टिकतोच कसा?

थंडीमुळे. या गुहेचं वर्षाचं सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास राहतं. जीव गेल्यावर डीएनएचे तुकडे पडायला लागतात. उष्णता आणि ओलावा असेल तर भराभर, थंडीत फार सावकाश. त्या करंगळीच्या हाडातून निघालेल्या डीएनएपैकी जवळपास ७० टक्के त्या मुलीचा स्वतःचा होता. एरवी नियांडर्थल हाडांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली असतं, उरलेला सगळा मातीतल्या जिवाणूंचा.

आपल्याकडच्या हवेशी तुलना केली की हे नीट उमगतं. हरियाणातल्या राखीगढीचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झालं. तिथे ६१ नमुने तपासले गेले आणि एकाच स्त्रीच्या अवशेषांतून उपयोगाचा डीएनए मिळाला, तोही अनेक प्रयत्नांनंतर. तिचा काळ सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. डेनिसोवाच्या मुलीचा पन्नास हजार वर्षांहून जुना.

‘डेनी’ कोण?

या गुहेतली सगळ्यांत विलक्षण व्यक्ती. नोंदवहीत तिचं नाव ‘डेनिसोवा ११’, डेनी हे लाडाचं.

तिची गोष्ट त्या चुरडलेल्या हाडांपासून सुरू होते. ऑक्सफर्डमध्ये टॉम हायम आणि कॅतेरिना डूका यांच्या गटाने ठरवलं की पिशव्यांमधला तो भुगा एका नव्या पद्धतीने तपासायचा. हाडात कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं आणि त्याची घडण प्राण्यागणिक थोडीथोडी बदलते. हाडाचा कणभर नमुना घेऊन प्रथिनाचे तुकडे मोजले की हे हाड घोड्याचं, गव्याचं, मॅमथचं की माणसाच्या कुळातलं हे कळतं. खर्च कमी आणि डीएनएपेक्षा काम झटपट. सामंथा ब्राउन या विद्यार्थिनीने हे काम अंगावर घेतलं. दोन हजारांहून अधिक तुकडे तपासले गेले. त्यात अडीच सेंटिमीटर लांबीचा, दोन ग्रॅमही न भरणारा एक तुकडा मानवी निघाला.

लाइपझिगमध्ये विवियन स्लॉन यांनी त्याचा डीएनए वाचला. आईकडचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए नियांडर्थलचा होता. पेशीकेंद्रातला तपासला तर जवळजवळ अर्धा नियांडर्थलशी जुळे आणि अर्धा डेनिसोवनशी. आधी वाटलं, प्रयोगशाळेत नमुने मिसळले असावेत. म्हणून पुन्हा पुन्हा नमुने घेतले, पण उत्तर तेच. गुणसूत्रांच्या जोडीतलं एक नियांडर्थलचं आणि दुसरं डेनिसोवनचं, असं जोडीमागून जोडी दिसत गेलं. म्हणजे आई नियांडर्थल, वडील डेनिसोवन, आणि ही त्यांची थेट मुलगी. सुमारे नव्वद हजार वर्षांपूर्वीची, वय तेरा वर्षांच्या पुढचं. २०१८ मध्ये हे जाहीर झालं.

तिच्या आई-वडिलांबद्दलही थोडं कळलं. वडिलांच्या घराण्यात बहुधा शेकडो पिढ्यांमागे नियांडर्थल रक्त आधीच आलेलं होतं. आईचं नातं याच गुहेत सापडलेल्या आधीच्या नियांडर्थल स्त्रीपेक्षा हजारो किलोमीटर पश्चिमेच्या क्रोएशियातल्या नियांडर्थल लोकांशी जवळचं होतं. कधीतरी पश्चिमेकडून माणसं इथवर चालत आली असणार.

प्राचीन मानवांच्या जीनोमची एकूण संख्या अजून थोडीच आहे. एवढ्या थोड्यांत पहिल्या पिढीचं मिश्र मूल सापडतं, याचा माझ्या मते एकच सरळ अर्थ आहे: हे दोन्ही समाज भेटले की त्यांच्यात मुलंबाळं होणं ही दुर्मीळ गोष्ट नव्हती.

मग तिन्ही मानव गुहेत एकत्र राहत होते का?

असा पुरावा नाही. गुहेत वीसहून अधिक थर आहेत आणि ते जवळपास तीन लाख वर्षांचे आहेत. डेनिसोवनांचा वावर साधारण दोन लाख वर्षांपूर्वीपासून पन्नास हजार वर्षांपूर्वीपर्यंत दिसतो. नियांडर्थल साधारण एक लाख नव्वद हजार ते एक लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यान येऊन-जाऊन होते. आधुनिक मानवाचा डीएनए सुमारे पंचेचाळीस हजार वर्षांपूर्वीच्या थरांपासून दिसू लागतो. मधल्या मोठ्या काळात गुहा तरसांची, लांडग्यांची आणि अस्वलांची होती. थरांमध्ये तरसांची विष्ठा भरपूर आणि चुलीच्या खुणा मात्र फार थोड्या आहेत. माणसं इथे थोडे दिवस मुक्काम करून पुढे जात असावीत.

इथून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला चागिर्स्काया गुहा आहे. तिथल्या अकरा नियांडर्थल व्यक्तींचा डीएनए २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक बाप आणि त्याची किशोरवयीन मुलगी दोघंही ओळखता आली.

हे काळ ठरवले कसे?

रेडिओकार्बन पद्धत पन्नास हजार वर्षांपलीकडे चालत नाही. त्यामागे जायला वाळूचे कण वापरतात. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे कण अंधारात गाडले गेले की आसपासच्या नैसर्गिक किरणोत्साराने त्यांच्यात ऊर्जा साठत जाते. प्रयोगशाळेत प्रकाश टाकून ती मोकळी केली आणि मोजली की कणावर शेवटचं ऊन कधी पडलं ते कळतं. ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँग विद्यापीठाच्या झेनोबिया जेकब्स आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी हे काम केलं आणि २०१९ मध्ये गुहेचं सविस्तर कालपत्रक तयार झालं. तरीही सावध राहायला हवं. गोठणं-वितळणं, बिळं करणारे प्राणी आणि गाळाची हालचाल यांमुळे वस्तू एका थरातून दुसऱ्यात सरकू शकतात.

हाड नसताना नुसत्या मातीतून माणसाचा डीएनए मिळतो, हे खरं आहे का?

खरं आहे. विष्ठा, रक्त, कुजलेलं मांस यांतला डीएनए मातीतल्या खनिजांना चिकटून राहतो. २०१७ मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं गेलं. २०२१ मध्ये या गुहेतल्या मातीचे ७२८ नमुने थरागणिक घेऊन तपासले गेले आणि मानवाबरोबर अस्वलं, तरस, घोडे कधी बदलले याचाही क्रम मिळाला. आधुनिक मानव इथे होता हे याच मातीने सांगितलं.

हिरवं कंकण कोणी केलं?

अकराव्या थरातच क्लोराइट या गडद हिरव्या दगडाच्या कंकणाचे तुकडे सापडले. दगड घासून गुळगुळीत केलेला आणि त्याला बारीक भोक पाडलेलं आहे. रशियन संशोधकांपैकी काहींच्या मते ते डेनिसोवनांचं काम. शंका घेणारेही आहेत, कारण दात आणि हाडं यांचे दागिने साधारण ४९ ते ४३ हजार वर्षांपूर्वीचे भरतात आणि त्या सुमारास आधुनिक मानवही या मुलखात आला होता. डेनिसोवनांना अशी कला जमलीच नसती असं मी म्हणणार नाही, पण या कंकणावर त्यांचं नाव लिहायला सध्याचा पुरावा पुरत नाही.

दुसऱ्या एका दागिन्याचं उत्तर मात्र मिळालं आहे. हरणाच्या दाताचं एक लोलक २०१९ मध्ये हातमोजे घालून उचललं गेलं. ते न फोडता, न खरवडता, एका द्रावात ठेवून द्राव ९० अंशांपर्यंत टप्प्याटप्प्याने तापवला. त्यातून हरणाचा आणि एका स्त्रीचाही डीएनए सुटून आला. हाताळताना किंवा गळ्यात घातल्यावर तिचा घाम दातात मुरला असणार. ती आधुनिक मानव होती, साधारण १९ ते २५ हजार वर्षांपूर्वीची.

डेनिसोवन दिसायचे कसे?

बरीच वर्षं याला उत्तर नव्हतं. दाढा मोठ्या, करंगळी आपल्यासारखी सडपातळ, एवढंच माहीत होतं. २०२५ मध्ये चीनमधल्या हार्बिनच्या कवटीने कोंडी फुटली. १९३० च्या दशकात पुलाच्या कामावर ती एका मजुराला सापडली आणि त्याने ती विहिरीत लपवली, असं सांगितलं जातं. २०१८ मध्ये ती संशोधकांकडे आली. २०२१ मध्ये तिला ‘होमो लाँगी’ हे नाव देण्यात आलं. पुढे चिनी जनुकशास्त्रज्ञ फू चियाओमेई यांच्या गटाने कवटीतल्या प्रथिनांवरून आणि दातावरच्या कीटणातल्या डीएनएवरून ती डेनिसोवन गटाची असल्याचं दाखवलं. भुवयांवर जाड हाडाचा कंगोरा, रुंद चेहरा, मोठे डोळ्यांचे खळगे, आणि मेंदूचा आकार आपल्याइतकाच.

ते फक्त सायबेरियातच होते का?

नाही, आणि गुहेचं नाव त्यांना पडल्यामुळे हा गैरसमज पक्का झाला आहे. तिबेटच्या पठारावर ३,२८० मीटर उंचीवरच्या बैशिया गुहेत एका बौद्ध भिक्षूला १९८० मध्ये अर्धा जबडा सापडला होता. तो किमान एक लाख साठ हजार वर्षांपूर्वीचा आणि डेनिसोवन असल्याचं २०१९ मध्ये प्रथिनांवरून ठरलं. तैवानजवळ समुद्रतळातून मासेमारीच्या जाळ्यात आलेला पेंगहूचा जबडाही त्यांचाच निघाला. लाओसमधल्या एका गुहेत मिळालेली दाढ आकारावरून त्यांची वाटते. सायबेरियाची थंडी, तिबेटची विरळ हवा, आग्नेय आशियातलं दमट जंगल, एवढ्या ठिकाणी हे लोक तग धरून होते.

आपल्यात त्यांचा अंश आहे का?

आहे, पण सगळ्यांत सारखा नाही. पापुआ न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांत तो साधारण ३ ते ५ टक्के भरतो. फिलिपिन्समधल्या आयता मागबुकोन लोकांत त्याहूनही जास्त आढळला आहे. तिबेटी लोकांना उंचीवर त्रास न होण्यामागे ईपीएएस१ या जनुकाचं जे रूप आहे ते डेनिसोवनांकडून आलं, हे २०१४ मध्ये स्पष्ट झालं.

भारतीयांत नियांडर्थलचा वाटा एक ते दोन टक्के आणि डेनिसोवनांचा टक्क्याच्या दहाव्या भागाच्या आसपास आहे. आपल्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट नियांडर्थलांकडून आली आहे. कोविड गंभीर होण्याची शक्यता वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक पट्टा दक्षिण आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांत एका तरी प्रतीत असतो, असं २०२० मध्ये पेबो आणि ह्यूगो झेबर्ग यांनी दाखवलं.

भारतात किंवा महाराष्ट्रात असं काही सापडू शकेल का?

इथे माणसं फार पूर्वीपासून होती याबद्दल वाद नाही. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांनी नेवासे आणि नाशिकजवळच्या गंगापूरला दगडी हत्यारं शोधली. जुन्नर तालुक्यातल्या बोरी इथे कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेबरोबर हातकुऱ्हाडी मिळाल्या. हत्यारं करणाऱ्यांची हाडं मात्र जवळजवळ मिळालेलीच नाहीत. नर्मदेकाठी हथनोरा इथे अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये कवटीचा भाग सापडला, तो फार मोलाचा अपवाद. तो कुठल्या शाखेचा यावर अजून एकमत नाही.

महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्टचा आहे. चुनखडीत पाणी मुरून जशा खोल गुहा तयार होतात आणि त्यांत लाखो वर्षं गाळ साचत जातो, तशी सोय या खडकात क्वचितच असते. त्यात आपली उष्ण हवा डीएनए टिकू देत नाही. पण प्रथिनं डीएनएपेक्षा चिवट असतात. जॉर्जियातल्या द्मानिसीत गेंड्याच्या दातांच्या एनॅमलमध्ये सतरा लाख वर्षांहून जुनी प्रथिनं वाचता आली आहेत. त्यामुळे आंध्र प्रदेशातल्या कुर्नूलसारख्या चुनखडीच्या गुहा, नर्मदेचा गाळ आणि आधीच्या उत्खननांतून जमा झालेले, कुणी न ओळखलेले हाडांचे तुकडे नव्याने तपासायला हवेत असं मला फार वाटतं. जुन्या पेट्यांमधली हाडं टाकून देण्याचा विचार कुठेही चालू असेल, तर तो आधी थांबवला पाहिजे.

डेनिसोवनांना अधिकृत शास्त्रीय नाव का नाही?

नव्या प्रजातीला नाव द्यायचं तर तिची शारीरिक लक्षणं वर्णन करता येईल असा नमुना लागतो. करंगळीचं टोक आणि काही दाढा त्याला पुरेशा नव्हत्या. हार्बिनच्या कवटीमुळे आता ‘होमो लाँगी’ हे नाव पुढे येतं आहे, काही जण वेगळं नाव सुचवतात. शिवाय जे एकमेकांपासून मुलं जन्माला घालत होते त्यांना वेगळ्या प्रजाती म्हणायचं का, यावरही मतभेद आहेत. म्हणून बहुतेक संशोधक अजून ‘डेनिसोवन’ एवढंच म्हणतात.

बातमीत ‘नवा मानव सापडला’ असं आलं तर काय पाहावं?

ओळख कशावरून पटवली ते पाहा: आकारावरून, प्रथिनांवरून की डीएनएवरून. डीएनए असेल तर मायटोकॉन्ड्रियाचा की पेशीकेंद्रातला, हे विचारा. काळ हाडाचा मोजला की ज्या थरात ते मिळालं त्या थराचा, हेही वाचा, आणि हाड कुणी उत्खनन करून काढलं आहे की हातोहात आलं आहे ते तपासा. हार्बिनच्या कवटीच्या बाबतीत शेवटचा प्रश्न आजही सुटलेला नाही. ती नेमकी कुठल्या थरातून आली, हे सांगणारी नोंदच नाही.